डायलिसिस चालू असताना हार्मोनचं गणित कसं सांभाळायचं

मी मराठवाड्यातल्या एका डायलिसिस सेंटरला टेक्निशियन आहे. आमच्याकडं केज, धारूर, कळंब, अहमदपूर अशा भागातून पेशंट येतात, काही जण तर पहाटेच्या एसटीनं. आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सर, डायलिसिस तर टायमावर करायलोय, मग अंगात ताकद कामून येईना?" क्रिएटिनिन (रक्तात साचणारा कचरा) खाली आलेलं असतं, पोटॅशियम बरं असतं, तरी माणूस चार पायऱ्या चढला की धापा टाकतो, हाडं ठणकतात, अंगाची खाज जात नाही, शुगरवाल्याला अर्ध्या रात्री घाम फुटतो, आणि घरचे म्हणतात डायलिसिस नीट होत नाही, सेंटर बदला. सेंटर बदलून हे जात नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी हार्मोनच्या असतात आणि मशीन हार्मोन बनवत नाही.

किडनी म्हणजे नुसती गाळणी असती तर मशीननं काम भागलं असतं. पण किडनी रक्त वाढवणारा हार्मोन तयार करते (एरिथ्रोपोएटिन, आपण त्यालाच इपो म्हणतो), व्हिटॅमिन डी ला कामाचं रूप देते, बीपी सांभाळणारं रेनिन सोडते, आणि वर इन्सुलिन, प्रोलॅक्टिन (बाळंतिणीला दूध आणणारा) असले हार्मोन वापरून झाले की त्यांची विल्हेवाटही लावते. ती बसली की काही हार्मोन कमी पडतात आणि काही अंगात साचून राहतात. मशीनमधून युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम जातं कारण ते बारीक कण आहेत, हार्मोन मात्र बरेचसे मोठे असतात नाहीतर प्रोटीनला चिकटून फिरतात, ते चार तासांत फारसे निघत नाहीत. म्हणून आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर बसणं हे अर्धंच काम झालं, उरलेलं अर्धं सुया, गोळ्या आणि त्यांच्या वेळा यावर आहे, आणि ते अर्धं घरी होतं.

खाली लिहिलंय ते डोस ठरवायला नाही, डोस नेफ्रॉलॉजिस्टच (किडनीचे डॉक्टर) ठरवणार.

आधी तपासणीचं रक्त कधी द्यायचं ते बघा

रिपोर्ट चुकीच्या वेळी काढला तर त्यावर दिलेलं औषधबी चुकतं. महिन्याचं रक्त डायलिसिस सुरू व्हायच्या आधी द्यायचं, सुई टोचली की लगेच, हेपरिन (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) आणि सलाईन जायच्या आधी. आणि जमलं तर आठवड्यातल्या मधल्या डायलिसिसला. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यानं बुधवारी. कारण शुक्रवार ते सोमवार मोठी गॅप पडते, अंगात पाणी जास्त साठलेलं असतं, रक्त पातळ झालेलं असतं आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. मग "अरे बापरे आठ झालं" म्हणून पळापळ. डायलिसिस संपल्यावर काढलं तर उलटं होतं, पाणी निघालेलं असतं म्हणून जास्त दिसतं.

थायरॉइडचं रक्त तर हेपरिननंतर अजिबात देऊ नका, फ्री टी-फोर (थायरॉइडचा हार्मोन) खोटंच वाढलेलं दाखवू शकतं. आणि पीटीएचचं (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा हार्मोन, हाडांशी संबंधित) सॅम्पल तालुक्याच्या लॅबमधून पुढं मोठ्या लॅबला जातं, ते थंड राहायला पाहिजे आणि लवकर पोचायला पाहिजे, म्हणून लॅबवाल्याला विचारून घ्या गाडी कधी जाते, शनिवारी दुपारी देऊन सोमवारपर्यंत पडून राहणार असेल तर सोमवारीच द्या. दर वेळी एकच लॅब ठेवा, कारण पीटीएचचे किट वेगवेगळे असतात आणि दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत.

रक्त वाढवायची सुई

इपोची सुई बऱ्याच जणांना आठवड्यातून दोन-तीनदा असते, काहींना लांब चालणारी, आठवड्यातून किंवा पंधरा दिवसातून एकदा. हिमोग्लोबिन साधारण १० ते ११.५ च्या आसपास ठेवायचं असतं. नॉर्मल माणसासारखं १४ करायचं नसतं हे लोकांना पटत नाही, पण १३ च्या वर नेलं तर रक्ताची गुठळी, लकवा, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली शीर) बंद पडणं असले धोके वाढतात, म्हणून चांगलं वाढायलंय तर डॉक्टर सुई कमी कामून करायलेत असं वाटून घेऊ नका. सुईनं बीपीबी वाढतो, सुई चालू केल्यावर डोकं दुखायला लागलं तर बीपी मोजून लगेच सांगा.

आता मुख्य गोष्ट. ही सुई २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर, आणि एक मामा दुकानातून सुई घेऊन शर्टाच्या वरच्या खिशात घालून दीड तास एसटीत बसून आले, सुई हातात घेतली तर चहाच्या कपासारखी गरम. दिसायला ती स्वच्छ पाण्यासारखीच दिसते, खराब झालेली ओळखू येत नाही, अन् मग महिनाभर सुया टोचूनबी हिमोग्लोबिन हलत नाही आणि सगळे म्हणतात औषध लागू होईना. तेव्हा थर्मास घ्या नाहीतर छोटा आइसबॉक्स, पण सुई बर्फाला चिकटून ठेवू नका, गोठली तरी वाया जाते, मध्ये रुमाल नाहीतर पुठ्ठा घाला. हलवायची नाही, फ्रीजच्या दारात नको, वरच्या बर्फाच्या कप्प्यात तर नकोच. लाइट जास्त वेळ जात असेल तर दुकानदाराला सांगून डायलिसिसच्या दिवशीच उचला.

सुई बरोबर ठेवूनबी हिमोग्लोबिन वाढेना तर पहिलं लोह बघायचं. फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात फिरणारं लोह), दोन्ही. सॅच्युरेशन ३० टक्क्यांच्या आत आणि फेरिटिन ५०० च्या आत असेल तर डॉक्टर शक्यतो शिरेतून आयर्न देतात, डायलिसिस चालू असतानाच जातं ते, वेगळी सुई टोचावी लागत नाही. लोहाच्या गोळ्या डायलिसिसवाल्याला नीट पचून रक्तात जात नाहीत आणि बद्धकोष्ठ होतं ते वेगळं. दुसरं म्हणजे कुठं इन्फेक्शन आहे का, मानेतल्या कॅथेटरला (डायलिसिसच्या नळीला) पू, दातात काही, कारण इन्फेक्शन असलं की इपो काम करत नाही आणि फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं (आणि इन्फेक्शन चालू असताना शिरेतून आयर्नबी देत नाहीत). तिसरं, डायलिसिस पुरेशी होते का, तीनच्या जागी दोनच करायलात का, चारच्या जागी तीन तासांत उठायलात का. आणि चौथं पीटीएच, त्याचं पुढच्या भागात लिहिलंय.

रक्ताची पिशवी लावा म्हणून मागं लागू नका. ज्यांना पुढं किडनी ट्रान्सप्लांट करायचंय त्यांच्या अंगात पिशवीमुळं परक्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि मग मॅचिंगला अडचण येते. जीवावर बेतलं तर लावावीच लागते, ती गोष्ट वेगळी, पण "आठ झालंय, एक पिशवी टाकून द्या" हे बंद करा.

हाडं, खाज आणि पीटीएच

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे, कारण यात पहिली कित्येक वर्षं काही दुखत नाही.

साखळी अशी आहे. फॉस्फरस लघवीतून जातो, लघवी बंद झाली की तो साचतो. कामाचं व्हिटॅमिन डी, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, किडनीत तयार होतं, ते कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. रक्तात कॅल्शियम कमी अन् फॉस्फरस जास्त, हे बघून गळ्यातल्या चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच जोरात सोडायला लागतात आणि तो पीटीएच हाडातून कॅल्शियम ओढून काढतो. वर्षानुवर्षं हे चाललं की हाडं ठिसूळ, स्नायू कमजोर, अंगाला खाज, आणि कॅल्शियम-फॉस्फरस रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं ते सगळ्यात वाईट, हृदयाला लागतं.

रिपोर्ट कसा वाचायचा: लॅबच्या कागदावर पीटीएचची नॉर्मल रेंज १५ ते ६५ असली काहीतरी असते आणि तुमचा आकडा २८० येतो, शेजारी जाड अक्षरात "हाय", म्हणजे जास्त, असं छापलेलं. घाबरू नका. डायलिसिसवाल्याला नॉर्मलच्या वरच्या आकड्याच्या दोन ते नऊ पट चालतो, म्हणजे साधारण १३० ते ६०० च्या मधी. ६५ च्या आत आणायच्या नादात जास्त औषध घेतलं तर हाड सुस्त पडतं, तेबी मोडतं. एका आकड्यावर जायचं नाही, तो चढतोय का उतरतोय ते बघायचं. २०० वरून ३५० वरून ५५० चाललाय तर अजून रेंजमध्ये असला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. पीटीएच तीन ते सहा महिन्यांतून एकदा, कॅल्शियम-फॉस्फरस एक ते तीन महिन्यांतून एकदा, एवढं तरी झालंच पाहिजे.

आता फॉस्फरसची गोळी. सेव्हेलॅमर, कॅल्शियम ॲसिटेट, लँथेनम, कोणतीबी असो, ती रक्तातला फॉस्फरस काढत नाही, ती जेवणातला फॉस्फरस पोटातच पकडून संडासवाटं बाहेर नेते. म्हणजे ती जेवणासोबतच पाहिजे, पहिल्या दोन घासांबरोबर. आमच्याकडं पेशंट डायलिसिस करून घरी जातात, थकून झोपतात, उठल्यावर आठवण येते अन् दिवसाच्या तिन्ही गोळ्या एकदम रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेतात, पाणीबी जास्त जातं आणि गोळी फुकट. गोळीची बाटली औषधाच्या डब्यात ठेवूच नका, मिठाच्या बरणीशेजारी ठेवा. भाकरी वाढली की गोळी वाढायची. मोठं जेवण असेल, लग्नाची पंगत, वरणबट्टी, मटण, तर डॉक्टर त्या वेळची गोळी जास्त सांगू शकतात, आधी विचारून ठेवा. नुसता काळा चहा प्यायला तर गोळीची गरज नाही. सेव्हेलॅमर अख्खी गिळायची, चावायची-कुटायची नाही, आणि लँथेनम उलट नीट चावूनच खायची.

गोळीसोबत खाण्याचं बघा. एका डायलिसिसमधून साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो आणि तेवढा तर एका दिवसाच्या जेवणातच जातो, म्हणजे आठवड्याला सात दिवसांचा आत अन् तीन वेळचा बाहेर. काय कमी करायचं? ज्वारीची भाकरी नाही, डाळ नाही, लोक तेच आधी बंद करतात आणि मग प्रोटीन कमी पडून अजून खंगतात. ज्वारी-डाळीतला फॉस्फरस आपल्या पोटात निम्म्याहून कमीच शोषला जातो. पॅकेटमधल्या पदार्थांत जो फॉस्फेट वरून घालतात तो जवळजवळ सगळाच शोषला जातो, म्हणून काळं कोल्ड्रिंक, चीज, इन्स्टंट नूडल्स, बेकिंग पावडरवाले बेकरीचे पदार्थ हे आधी सोडा. दुसरा नंबर आटवलेल्या दुधाचा. कुंथलगिरीचा पेढा, भूमचा खवा, बासुंदी, हे आपल्या भागात पाव्हणा घेऊनच येतो, त्याला नाही म्हणायचं शिका, अगदीच तोंड गोड करायचं तर साखर खा.

कॅल्सिट्रिऑलबद्दल दोन गैरसमज लई आहेत. एक, "उन्हात बसलं की डी मिळतं, आपल्याकडं उन्हाला काय तोटा." ऊन मिळतं, कातडी डी बनवते, पण शेवटची पायरी किडनीत होते आणि तीच बंद आहे. दुसरं, साठ हजार युनिटचं व्हिटॅमिन डी चं जे पाकीट दुधातून आठवड्याला घेतात ते आणि कॅल्सिट्रिऑलची बारीक कॅप्सूल एकच नाही. पाकीट कच्चं डी, कॅप्सूल तयार डी. कधी डॉक्टर दोन्ही देतात, पण शेजाऱ्याला गुण आला म्हणून आपण पाकीट आणायचं नाही. कॅप्सूलनं कॅल्शियमसोबत फॉस्फरसबी वर जातो, म्हणून फॉस्फरस जास्त आला की डॉक्टर ती थांबवतात, जुन्या चिठ्ठीवर परत चालू करू नका.

पीटीएच तरी ऐकेना तर सिनॅकॅल्सेट देतात. ती जेवणासोबत घ्यायची, मळमळ होते. तिनं कॅल्शियम खाली जातं, ओठाभोवती मुंग्या, बोटं वाकडी होणं, पायात गोळे असं झालं तर पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

शुगरवाल्यांसाठी

किडनी खराब झाली आणि शुगर आपोआप कमी झाली म्हणून पेढे वाटणारे लोक मी बघितलेत. ती शुगर बरी झालेली नसते. इन्सुलिन मोडून टाकायचं काम बऱ्याच अंशी किडनी करते, ती बसली की टोचलेलं इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं, म्हणून जुना डोस आता भारी पडतो. डोस कमी करावा लागतो आणि ते डॉक्टरला सांगूनच. शुगरच्या गोळ्यांतली मेटफॉर्मिन डायलिसिसवर चालत नाही, ग्लिबेनक्लामाइड तर नकोच, त्यानं शुगर पडली की लवकर उठत नाही. घरात जुना साठा असला तर काढून टाका.

शुगर पडायची वेळ बहुतेक डायलिसिस चालू असताना किंवा त्या रात्री. डायलिसिसच्या दिवशी सकाळचं इन्सुलिन किती घ्यायचं, हे वेगळं लिहून घ्या. ग्लुकोमीटर सोबत आणा, घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यापुढं अंधारी आली की मोजा आणि ७० च्या आत असेल तर तीन चमचे साखर घोटभर पाण्यात. नारळपाणी, मोसंबीचा ज्यूस, केळ, गूळ देऊ नका, पोटॅशियम वाढतं. बीपीच्या काही गोळ्यांमुळं धडधड-थरथर कळतच नाही, अशा माणसाला नुसती गुंगी येते आणि शेजारचे समजतात झोपलाय.

एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट) ६ आला म्हणून खूश होऊ नका. डायलिसिसवाल्याच्या लाल पेशी कमी दिवस जगतात, इपोमुळं नव्या पेशी येत राहतात, त्यामुळं हा आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. घरच्या मीटरवरच्या नोंदी जास्त कामाच्या.

आणि उपवास. आषाढी, श्रावण, तुळजापूरचं नवरात्र, नऊ दिवस. इन्सुलिन चालू असताना उपवास म्हणजे शुगर पडणार, आणि उपवासाचं खाणं म्हणजे बटाटा, शेंगदाणा, केळी, राजगिरा, सगळं पोटॅशियम-फॉस्फरस. मावश्यांना हे सांगितलं की त्या माझ्याशी बोलणं सोडतात, पण सांगावं लागतंच.

थायरॉइड

थोडक्यात. डायलिसिसवाल्यांत टी-थ्री (थायरॉइडचा दुसरा हार्मोन) कमी येणं लई कॉमन आहे, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन) आणि टी-फोर ठीक असेल तर ते आजारपणामुळं असतं, त्याला बहुतेक वेळा गोळी लागत नाही. टीएसएच खरंच जास्त असेल आणि थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) चालू असेल तर एकच लक्षात ठेवा, ती पहाटे रिकाम्या पोटी, आणि सेव्हेलॅमर, कॅल्शियम, लोह यांच्यापासून चार तास लांब. नाहीतर पोटात फॉस्फरसची गोळी थायरॉइडच्या गोळीलाच पकडते. पहाटे सहाला थायरॉइड, दहाला जेवण आणि फॉस्फरसची गोळी, हे आपल्याकडच्या खेड्यातल्या जेवणाच्या वेळेला बरोबर बसतं. सकाळच्या शिफ्टवाल्यांना पहाटेचं जमत नसेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन-चार तासांनी चालतं का ते डॉक्टरला विचारा.

जे कुणी विचारत नाही ते

पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी होतो, प्रोलॅक्टिन वाढतं, इच्छा कमी होते, ताठरपणा येत नाही, काहींची छाती सुजून दुखते. बायकांत पाळी पुढं-मागं होते, बंद होते, नाहीतर अंगावरून जास्त जातं. नवरा-बायको दोघं शेजारी बसलेले असतात आणि दोघंबी यातलं एक अक्षर काढत नाहीत, मग बायकोला वाटतं माणसाचं मन उडालं अन् माणसाला वाटतं आपण संपलो. हे आजारामुळं होतं, आणि काही प्रमाणात इलाज आहे. आधी हिमोग्लोबिन नीट करायचं, डायलिसिस पूर्ण वेळ करायची, मग औषधांची यादी तपासायची. उलटी-मळमळीसाठी देतात त्या मेटोक्लोप्रमाइड, डोम्पेरिडोननं प्रोलॅक्टिन अजून वाढतं, बीपीच्या काही गोळ्यांनी ताठरपणा जातो, बदलून मिळतात. एकटं भेटून डॉक्टरला सांगा, ते ऐकतात.

बसस्टँडवर ताकदीच्या पुड्या मिळतात त्या घेऊ नका, आत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. मेडिकलवरून सिल्डेनाफिल (ताठरपणाची गोळी) आणून खाणं त्याहून धोक्याचं, छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी असा कोसळतो की माणूस जातो.

बायकांनी पाळी चालू असेल तर डायलिसिसला बसायच्या आधी सिस्टरच्या कानावर घाला, हेपरिननं रक्तस्राव वाढतो, कमी हेपरिनवर डायलिसिस करता येते. आणि पाळी बंद आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही, कमी प्रमाणात पण राहतात, आणि पाळीच येत नसल्यानं उशिरा कळतं. तेव्हा मूल नको असेल तर साधन वापरा. शंका आली तर सोनोग्राफी करा, किडनी गेलेल्या बाईत प्रेग्नन्सीची रक्ताची टेस्ट थोडी वाढलेली येऊ शकते, त्या एकट्या टेस्टवर भरवसा नको. दिवस राहिलेच तर डायलिसिसचे तास खूप वाढवावे लागतात आणि बीपीच्या काही गोळ्या तातडीनं बदलाव्या लागतात, म्हणून लपवून ठेवू नका.

ट्रान्सप्लांटनंतर नवी किडनी चालली की इपो काही आठवड्यांत परत तयार व्हायला लागतो, सुई सुटते. पीटीएच तेवढ्या लवकर उतरत नाही, महिनोन्‌महिने जास्त राहू शकतो, तपासत राहावं लागतं. शुगर मात्र स्टिरॉइडमुळं उलट वाढते, ज्यांना कधी नव्हती त्यांनाबी. पाळी काही महिन्यांत परत सुरू होते आणि दिवस राहायची शक्यता वाढते, पण डॉक्टर निदान एक वर्ष तरी थांबायला सांगतात, कारण काही औषधं पोटातल्या बाळाला बाधतात, म्हणून डिस्चार्ज घ्यायच्या आधीच कोणतं साधन वापरायचं ते विचारून निघा.